जीआरईसाठी शब्दांच्या याद्या पाठ कराव्यात का?

प्रतापनगरची ताई
धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात जीआरई देतोय, म्हणजे परदेशात मास्टर्स, पीएचडीच्या प्रवेशासाठीची परीक्षा. ऊन तापायच्या आत, पहाटे पाचला गच्चीवर येरझारा घालत कार्डं घोकतो. टार्गेट साडेतीन हजार शब्दांचं. काल मी गठ्ठ्यातून एक कार्ड ओढलं, 'सँक्शन'. मागे लिहिलं होतं, 'मंजुरी देणे'. आपलं लोन सँक्शन होतं, तेच. मग एका देशावर सँक्शन्स लादल्याचं वाक्य त्याला वाचायला दिलं, तर गडी अडकला. मंजुरी लादतात कशी, म्हणे.

माझ्या मते याद्या पाठ करणं बंदच व्हावं. नुसते विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॉलॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखणं) विचारायचे तेव्हा ठीक होतं, पण ते प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच गेले. आता शब्द वाक्यात नाहीतर उताऱ्यात येतो. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षाही छोटी झाली, व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाचे, २७ प्रश्न, ४१ मिनिटं. तयारी करताना मला अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्यांनीच जास्त गंडवलं. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे, हे कोणाला माहीत नाही? पण उताऱ्यात लेखक आपलं विधान 'क्वालिफाय' करतो, तेव्हा तो त्याला मर्यादा घालत असतो.

काटोलवाला
ताई, तुमच्या घरी लहानपणापासून इंग्रजी पेपर येत असेल. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, इंजिनिअरिंगला नागपुरात आलो. पहिल्यांदा इंग्रजी अग्रलेख वाचायला घेतला तेव्हा एका कॉलमला दीड तास लागला. ओळीत चार शब्द अडत असतील तर संदर्भ काहून लागेल? आधी यादी केली, मगच वाचन सुरू झालं.

आणि एक सांगा. संदर्भ रिकाम्या जागेचा लागतो, पण पर्याय तर नुसते शब्दच असतात ना! सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये वाक्यातल्या रिकाम्या जागी कुठलाही घातला तरी अर्थ तोच राहील असे सहापैकी दोन शब्द निवडायचे, एक चुकला की अख्खा प्रश्न गेला, अर्धा मार्क नाही. तिथे सहापैकी तीन शब्द कधी पाहिलेच नसतील, तर वाक्य कितीही समजू द्या, करता काय?

निवृत्त शिक्षक, महाल
दोघंही शब्द सुटे धरून चालला आहात. आपल्याकडे 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात. उपसर्ग बदलला की अर्थ फिरतो. इंग्रजीतल्या लॅटिन शब्दांचंही तसंच. 'लोक्वी' म्हणजे बोलणे, त्यावरून 'लोक्वेशस' (बडबड्या), 'एलोक्वंट' (प्रभावी बोलणारा), 'कलोक्वियल' (बोलीतला). लॅटिन 'ग्रॅव्हिस' आणि आपला 'गुरु' तर एकाच मुळातले, दोन्हींचा अर्थ जड. म्हणून 'ग्रॅव्हिटी'ला गांभीर्य हाही अर्थ आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला संस्कृतामुळे ही वाट ओळखीची असते, ती त्याने जरूर वापरावी.

धंतोलीकर
सर, मुळांवर विसंबून मी तोंडघशी पडलो आहे. 'एनर्व्हेट' बघून वाटलं, उत्साह भरणे. अर्थ निघाला गलितगात्र करणे. 'रेस्टिव्ह' मला निवांत वाटला, तो निघाला अस्वस्थ. धातू माहीत असावेत, पण शब्दकोश उघडावाच लागतो.

आणखी एक. अनेक विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली आहे. आपापल्या कोर्सची अट आधी बघा, मग फी भरा.

प्रतापनगरची ताई
काटोलवाले भाऊ, पर्यायांचा मुद्दा बिनतोड आहे. तो मी लक्षात घेतला नव्हता. यादी बंद करा हे माझं म्हणणं मागे घेते. पण एका शब्दाला एक अर्थ लिहून कार्ड संपवायचं, याला माझा विरोध कायम आहे. आज भावाला बसवून 'सँक्शन'चं कार्ड पुन्हा लिहून घेतलं. मंजुरी आणि निर्बंध, दोन्ही अर्थ, आणि दोन्हींची त्याने स्वतः रचलेली वाक्यं. एका कार्डाला सात मिनिटं लागली. या वेगाने साडेतीन हजार होणार नाहीत, आठशे झाले तरी पुरे.

काटोलवाला
मागे वाक्य लिहायचं, हे पटलं. आज रात्रीपासून तसंच करून राहिलो. पण आठशेवर थांबणं मला परवडणारं नाही, ताई. तुमच्या भावाला जे शब्द कानावरून गेलेत म्हणून सोडता येतात, ते मी एकदाही ऐकलेले नाहीत.