वर्गातली चर्चा ऑनलाइन बोर्डवर नेली तर पोरं खरंच बोलायला लागतात का?

खडूफळा:
नववीला सायन्स शिकवते. प्रश्न विचारला की तेच ठरलेले हात वर येतात, बाकीचे वहीत डोकं खुपसून बसतात, म्हणून यावर्षी वर्गासाठी ऑनलाइन चर्चा बोर्ड सुरू केलाय. माझं म्हणणं असं की गप्प पोरांकडे सांगायला असतं पण त्यांना वेळ लागतो. मेरी बड रो म्हणून संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारेही बोलतात. बोर्डवर तर अख्खी संध्याकाळ मिळते! तुम्हाला काय वाटतं?

शेवटचा_बाक:
मॅडम, हा दाखला तुमच्यावरच उलटतोय. ते ३ सेकंद वर्गातच थांबायचं होतं, त्याला इंटरनेट कशाला? आमच्या कॉलेजात होता असा बोर्ड. एक पोस्ट आणि दोघांना रिप्लाय कंपल्सरी. रात्री ११:५० ला सगळे जागे. "छान मुद्दा मांडलास, मी पूर्णपणे सहमत आहे." त्याखाली "धन्यवाद, तुझाही मुद्दा छान आहे." झाली चर्चा! नवीन फॅड आहे नुसतं.

टेस्टट्यूब:
फॅड म्हणताय पण नवीन कुठलं? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या कॉम्प्युटरवरून शिकवायच्या सिस्टीमवर १९७३ मध्येच नोट्स नावाचा बोर्ड होता. सुरुवातीला लोक तिथे सिस्टीममधल्या चुका कळवायला यायचे, म्हणजे लिहायला काहीतरी कारण होतं. तुमच्या कॉलेजात मार्क सोडून कारणच नव्हतं.

सगळा खेळ प्रश्नाचा आहे हो. "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय" विचारलंत तर गाइडमधलंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, बी अंधारात ठेवून नुसतं पाणी घातलं, आठवड्याने कोंब पूर्ण वाळवून वजन केलं तर ते मूळच्या कोरड्या बीपेक्षा जास्त भरेल की कमी? निम्मा वर्ग जास्त म्हणतो, वाढलंय ना ते! मग कोणीतरी लिहितं की पाणी तर उडून गेलं, वाढ कशातून झाली. मग श्वसन आठवतं, साठवलेलं अन्न जळलं आणि उजेड नसल्याने नवीन बनलंच नाही, म्हणजे कमी. ही भांडणं ३५ मिनिटांच्या तासात बसत नाहीत. आणि मूडल म्हणून ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात एक फोरम असा येतो की स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्यांची दिसत नाहीत, तो लावा, कॉपीला बराच आळा बसतो.

दप्तराचं_ओझं:
पालक म्हणून लिहिते. वर्गात चुकीचं बोललं तर दोन मिनिटं हसतात आणि विसरतात. बोर्डवर ते नावासकट राहतं, स्क्रीनशॉट निघतो, ग्रुपवर फिरतो. माझी लेक एक ओळ चारदा खोडून शेवटी काहीच टाकत नाही. लाजाळू मुलांना लिहिणं सोपं जातं हे सरसकट नका धरू. शिवाय घरात एकच फोन आणि तो बाबांबरोबर ऑफिसला गेलेला, अशा घरातल्या पोराने काय करायचं?

खडूफळा:
ताई, फोनचा मुद्दा मान्यच, म्हणून मी कागदावर लिहून दिलेलंही चालवते आणि स्वतः टाइप करून टाकते. नाव मात्र वर्गाला दिसत नाही, फक्त मला दिसतं. आणि बोर्ड तिथेच सोडत नाही. दुसऱ्या दिवशी तासाला दोन उलटसुलट उत्तरं फळ्यावर लिहिते, नाव न घेता, आणि कुठलं बरोबर ते विचारते. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा स्वतःचंच उत्तर फळ्यावर बघून "पण मॅडम, पाण्याचं वजन धरायचंच नाहीये" म्हणून उभा राहिला, सगळ्यांना कळलं उत्तर कोणाचं ते 😄

शेवटचा_बाक:
म्हणजे चर्चा झाली ती वर्गातच ना! बोर्ड फक्त गृहपाठाची वही झाला. हे मला चालेल. पण सगळ्यांच्या पोस्टी रोज रात्री वाचायच्या कोणी, तुमचे ते तास कोण धरतंय? आणि मार्क काढून टाका, मग बघू किती पोरं लिहितात.

खडूफळा:
काढलेत मार्क. पोस्टी कमी झाल्या पण "सहमत आहे" वाल्याच गेल्या, वाद घालणारे आहेत तिथेच आहेत.

शेवटचा_बाक:
आणि ते वाद घालणारे म्हणजे वर्गात हात वर करणारेच ना?

खडूफळा:
काही तेच, काही नवीन. ते नवीन मला पुरेत.