होम असिस्टंट: टाकी रिकामी, तरी सकाळी मोटर सुरू होत नाही

प्रश्न: वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. घरातली उपकरणं आपोआप चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर वापरते. गच्चीवरच्या टाकीची पातळी ३० टक्क्यांखाली गेली की मोटर सुरू व्हावी, पण सकाळी ६ ते रात्री १० मध्येच. मोटरशेजारच्या खोलीत आजी झोपते. ऑटोमेशनमध्ये (आपोआप चालणाऱ्या नियमात) ट्रिगर, म्हणजे नियम सुरू करणारी घटना, पातळीचा; कंडिशन, म्हणजे त्या क्षणी खरी असावी लागणारी अट, वेळेची. पातळी रात्री उतरली तर सकाळ झाली तरी मोटर ढिम्म! आजीच्या आंघोळीला पाणी नाही. कुठे बघू?

उत्तर १: ताई, आकड्याचा ट्रिगर फक्त पातळी ३० ओलांडून खाली येते त्या क्षणी लागतो. तेव्हा रात्र होती, कंडिशनने अडवलं, तिथेच संपलं. कंडिशन सकाळची वाट बघत नाही. सकाळी ६ चा दुसरा ट्रिगर जोडा आणि 'पातळी ३० खाली' हे कंडिशनमध्येही लिहा, नाहीतर भरल्या टाकीवरही मोटर रोज सहाला चालेल.

उत्तर २: ट्रिगर कितीही असोत, एक लागला की पुरे, कंडिशन मात्र सगळ्या खऱ्या लागतात. आणि मोटर बंद करण्याचं वेगळं ऑटोमेशन हवंच. पातळीचा सेन्सर 'अनअव्हेलेबल' झाला (त्याची माहिती येईनाशी झाली) तरी मोटर बंद व्हायला हवी, हे विसरू नका.

प्रश्नकर्ती: ट्रेस (ऑटोमेशन कुठवर चाललं याची नोंद) उघडून पाहिला, वेळेच्या कंडिशनपाशीच थांबलेला दिसतो. दोन्ही बदल केलेत. दादा, सेन्सरचं आजच बसवते.