थंड इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा उशिरा विझतो, मग प्रेशर थेट ५.५ बार

खडखड_सकाळची
पेट्रोल, चार सिलिंडर, टायमिंग चेन. प्रेशर स्विचच्या जागी टी-जोड लावून मेकॅनिकल गेज बसवलंय. रात्रभर उभी राहिली की सकाळी लाल दिवा चार-पाच सेकंद जळत राहतो, तेवढा वेळ चेनकडून खडखड. मग काटा एकदम ५.५ बारवर. पूर्ण तापल्यावर आयडलला १.२ आणि २००० आरपीएमला ३ बार. मागच्या सर्व्हिसला ५डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० ग्रेडचं (जास्त घट्ट) ऑइल भरलंय, फिल्टरही तेव्हाच बदलला. फिल्टर ब्लॉकला आडवा बसतो. थंडपणी प्रेशर जास्त आहे का? पंप बदलावा लागेल का?

टॉर्क_रेंच
५.५ ची काळजी सोडा. पंप फेरीगणिक ठरावीक ऑइल ढकलतो. ऑइल थंड आणि घट्ट असलं की बेअरिंगच्या फटीतून ते सहज निघत नाही, म्हणून प्रेशर चढतं. बऱ्याच इंजिनांत रिलीफ व्हॉल्व्ह ४ ते ६ बारच्या आसपास उघडतो आणि उरलेलं ऑइल परत सोडतो. तुमचा काटा तिथेच थांबतोय, म्हणजे व्हॉल्व्ह काम करतोय. तो बंद स्थितीत अडकला असता तर काटा याच्याही बराच वर गेला असता, कधीकधी फिल्टरचं गॅस्केटसुद्धा फुगून बाहेर येतं. उघडा अडकला असता तर थंड आणि गरम दोन्ही वेळी प्रेशर पडलेलं दिसलं असतं. गरम असतानाचे आकडेही ठीक वाटतात, तरी मॅन्युअलशी ताडून बघा. नव्या इंजिनांत दोन टप्प्यांचे पंप असतात, तिथे सरसकट नियम चालत नाही.

गडबड त्या चार-पाच सेकंदांत आहे. दिवा एक-दोन सेकंदांत, फार तर तीनात विझायला हवा. आणि प्रेशर जास्त म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं, असं नव्हे. पंपाजवळ ५ बार असताना इंजिनच्या वरच्या भागातली कॅमशाफ्ट अजून कोरडी असू शकते.

आडवा_फिल्टर
फिल्टर आडवा आहे म्हटल्यावर पहिला संशय त्यातल्या परतीच्या व्हॉल्व्हवर. रबराची ती पातळ चकती इंजिन बंद असताना ऑइल फिल्टरमध्ये अडवून धरते. ती कडक झाली किंवा मुळातच हलकी असली की रात्रीत फिल्टर आणि गॅलरी (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा) रिकामी होते. सकाळी पंपाला आधी ते सगळं भरावं लागतं, तोवर चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑइल मिळत नाही, म्हणून खडखड.

तपासायला सोपं आहे. सकाळी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून पाच सेकंद क्रँक करा, म्हणजे नुसत्या स्टार्टरने इंजिन फिरवा, गेज हललं की थांबा. जास्त वेळ स्टार्टर मारू नका. फ्यूज लावून लगेच सुरू करा. खडखड गायब झाली तर ऑइल खाली उतरतंय, हे नक्की. मग सिलिकॉन व्हॉल्व्हचा चांगला फिल्टर घ्या. आडव्या फिल्टरमध्ये काठोकाठ ऑइल भरून लावता येत नाही, पण अर्धा भरून आतल्या कागदाच्या घड्या भिजू द्या आणि गॅस्केटला ऑइल लावा.

टॉर्क_रेंच
फिल्टरसोबत ऑइलही बदला, ५डब्ल्यू-३० परत आणा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडपणी ऑइल कितपत वाहतं ते सांगतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार २०डब्ल्यूची पंपिंगची चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३५ ला. तुमच्या सकाळी तितकी थंडी नसली तरी घट्ट ऑइल पिकअपच्या (पॅनमधून ऑइल ओढणाऱ्या पाइपच्या) जाळीतून हळूच ओढलं जातं. शिवाय फिल्टरच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक वाढला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो, आणि तेवढा वेळ न गाळलेलं ऑइल फिरतं. "जुनं इंजिन, घट्ट ऑइल" हा सल्ला गरम आयडलचं प्रेशर खरंच पडलं असेल तेव्हाचा. तुमचं पडलेलं नाही.

खडखड_सकाळची
फ्यूज काढून बघितलं, क्रँकिंगनंतर खडखड आली नाही. फिल्टर आणि ऑइल बदलेपर्यंत सकाळी पाच मिनिटं आयडल ठेवू का?

पिकअप_पाइप
नको. आयडलला इंजिन सावकाश तापतं, मिश्रणात पेट्रोल जास्त असतं आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. दिवा विझल्यावर अर्धा मिनिट पुरे, मग हलक्या पायाने निघा आणि इंजिन तापेपर्यंत २५०० आरपीएमच्या आत राहा. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध आला तरी ऑइल मागेच असतं, त्याला आणखी दहा मिनिटं तरी द्या. सुरू होताच रेस मात्र अजिबात नको.

नवा फिल्टर आणि बरोबर ग्रेड टाकूनही दिवा रेंगाळला तर पंप मागवण्याआधी ऑइल पॅन उतरवा. पिकअप पाइपची ओ-रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. रबर गरम होऊन फुगलं की गळती कमी होते, म्हणून गरम असताना सगळं ठीक दिसतं. पॅन निघालाच आहे तर जाळीवरचा गाळही बघून घ्या. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवा. वरच्या खुणेच्या बरंच पुढे भरलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करते, आणि फेसाने प्रेशर धरत नाही.