कामिनीच्या कुंपणाचा तळ उघडा पडला आहे

प्रश्न
नमस्कार. नाशिकमध्ये गंगापूर रस्त्यालगत आमच्या आवारभिंतीच्या आतून कामिनीचे कुंपण आहे. वरून ते दाट आहे, परंतु गुडघ्यापर्यंत नुसत्या काड्या उरल्या आहेत आणि कोवळी पाने पिवळी पडत आहेत. जमीन काळी, पाणी बोअरचे. एप्रिलमध्ये सगळी झुडपे निम्म्यावर आणावीत, असे माळीकाका म्हणतात. तसे करावे का?

उत्तर १
एप्रिलमध्ये नको. आपल्याकडे द्राक्षाची खरड छाटणी (हंगाम संपल्यावर वेल खोलवर कापणे) त्याच महिन्यात होत असल्याने तोच न्याय कुंपणालाही लावला जातो, पण सावलीत वाढलेली कामिनीची खोडे एकाएकी उघडी पडली, तर उन्हाने भाजतात. मोठी छाटणी पाऊस स्थिरावल्यावर करावी. तळ उघडा पडण्याचे मूळ कारण आकारात आहे: माथा रुंद होत गेला की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या पाने टाकतात. म्हणून कुंपण बुडाशी रुंद आणि माथ्याकडे निमुळते ठेवावे. जुन्या जाड फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश दरवर्षी बुडालगत काढल्या, तर खालून नवे फुटवे येतात आणि आडोसाही टिकतो.

उत्तर २
पिवळ्या पानांच्या शिरा हिरव्याच असतील, तर ती लोहाची कमतरता समजावी. नत्र कमी पडल्यास आधी जुनी पाने पिवळी पडतात. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि पाणी साचले की अडचण वाढते. अशा जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसते मातीत टाकणे बहुतेक वाया जाते. त्याऐवजी ईडीडीएचए स्वरूपातील चिलेटेड लोह, म्हणजे अशा जमिनीतही मुळांना घेता येईल असे बांधून ठेवलेले लोह, द्यावे. द्राक्षबागांमुळे ते इथल्या कृषी सेवा केंद्रांत मिळते. पाणी रोज थोडे देण्याऐवजी माती वाळल्यावर भरपूर द्यावे.

प्रश्नकर्ता
शिरा हिरव्याच आहेत. आभारी आहे. फुलेही फारशी येत नाहीत, त्याचे कारण हेच असेल का?

उत्तर १
माळीकाका दर महिन्याला कात्री चालवत असतील, तर कारण तेच. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात आणि ती टोकेच कापली जातात. आवारात लिंबाचे झाड असल्यास कोवळ्या फुटीवर सिट्रस सायला ही रस शोषणारी बारीक कीड आहे का, तेही पाहावे. कामिनी लिंबाच्याच कुळातली असल्याने ही कीड दोन्हींवर वाढते.