टीपीआर (ताप, पल्स, रेस्पिरेशन) चार्टवर सगळ्यांचं रेस्पिरेशन 20 च कसं?

नवी_स्टुडंट:
जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) सेकंड इयरला आहे, सध्या मेडिसिन वॉर्ड. काल नाइटला बेड 11 च्या आजोबांचं रेस्पिरेशन, म्हणजे मिनिटाला किती श्वास, मोजलं तर 28 आलं, दोनदा मोजलं. ताप नाही, पल्स 104, बीपी 118/70, ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघतात ते) 96 टक्के. चार्टवर मात्र तीन दिवस 20, 20, 20, आणि त्यांचंच नाही हो, अख्ख्या वॉर्डचं 20. सोबतची सिनियर म्हणाली ऑक्सिजन चांगलाय ना मग 20 लिही, डॉक्टरांना उगाच उठवू नको. मी 28 च लिहिलं पण कोणाला सांगितलं नाही, आता घरी येऊन झोप लागेना. माझं मोजायला चुकलं का?

जुनी_सिस्टर:
बाळा आधी वॉर्डला फोन लाव, इनचार्ज सिस्टरना सांग, मग पुढचं वाच.
तुझं चुकलेलं नाही. मोठ्या माणसाचं नॉर्मल 12 ते 20. आजोबा 28 वेळा श्वास घेतायत म्हणूनच कदाचित ते 96 टिकलंय, दमले की तेही खाली येईल. ब्रिटनमध्ये 2012 पासून न्यूज (NEWS, पेशंट बिघडतोय का हे लवकर ओळखायचा) नावाचा स्कोअर वापरतात, 2017 ला सुधारला, त्यात रेस्पिरेशन 25 किंवा जास्त असेल तर त्या एकट्याचेच 3 मार्क, आणि एका गोष्टीला 3 आले की डॉक्टरांना कळवायचंच. 104 पल्सचा अजून 1. बीपी पडायची वाट बघत बसलो तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो गं. आणि म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियातही ताप येईलच असं नाही.

आयसीयू_ब्रदर:
ताईंशी सहमत. मोजायचं कसं तर पल्स बघताना धरलेला हात तसाच त्यांच्या छातीवर ठेव, पल्स झाली तरी सोडू नको, आणि घड्याळाकडे बघत पूर्ण 1 मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोज. श्वास मोजतोय हे सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते.
ऑक्सिमीटरवर फार भिस्त ठेवू नका, थंड बोटं, नेलपॉलिश यानेही आकडा चुकतो, आणि कार्बन डायऑक्साइड साठतोय का हे ते सांगतच नाही. माझ्याकडे एक पोरगी आली होती, सॅच्युरेशन 99, श्वास मात्र खोल आणि 32, सगळे म्हणाले घाबरलीय. शुगर केली तर 480, युरिनमध्ये कीटोन, म्हणजे डायबेटिस फार बिघडला की रक्तात साठणारं ॲसिड. ती फुफ्फुसाची गोष्टच नव्हती, रक्तातलं ॲसिड शरीर श्वासावाटे कमी करत होतं.

नवी_स्टुडंट:
फोन केला! डे सिस्टरनी मोजलं तर 30. डॉक्टर आले, एक्सरेत उजव्या फुफ्फुसात खाली पॅच (न्यूमोनियाचा डाग), अँटिबायोटिक चालू केलं. ते मागचे तीन दिवसांचे 20 आहेत त्याचं काय करायचं?

जुनी_सिस्टर:
दुसऱ्याच्या एन्ट्रीला हात लावायचा नाही, व्हाइटनर तर अजिबातच नाही. इनचार्जना तोंडी सांग, ते त्या बघतील. आज नाइटला गेलीस की आधी बेड 11 मोज, आणि ओव्हर देताना (ड्युटी पुढच्या सिस्टरकडे सोपवताना) आकडा सांग, नुसतं ‘व्हायटल्स स्टेबल’ म्हणू नकोस.