घेवड्याचं सूप आणि आठ कुकर

प्रेषक: चिटणीस, खाद्यसमिती

नमस्कार मंडळी,

संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी, डेन्व्हरजवळच्या ऑरोरातल्या नेहमीच्या हॉलमध्ये. आतापर्यंत 80 नावं आली आहेत. पावभाजी सलग तीन वर्षं झाली. गेल्या वेळी पाव मध्येच संपले आणि शेवटच्या पंधरा जणांनी भाजी नुसतीच चमच्याने खाल्ली. त्यांतल्या एकानेही कुरकुर केली नाही, म्हणून सुचवते: या वेळी चमच्यानेच खायचं काहीतरी करू या. घेवड्याचं दाट सूप, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ज्यांना भाकरी नको त्यांना कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव. मोठी पातेली कोणाकडे आहेत?

प्रेषक: नाना (लिटलटन)

चिटणीसबाई, पदार्थाला हरकत नाही, शब्दाला आहे. सूप पाखडायला असतं, नाहीतर कार्यक्रम संपला की वाजायला. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सूप वाजवायचं का? आमटी म्हणा.

दुसरं. मागच्या गुढीपाडव्याला मी पिंटो बीन्सची उसळ आणली होती, आठवत असेल. चार तास उकळून गणंगच राहिले. मंडळी चांगली, तोंडावर कोणी बोललं नाही, पण अर्धं पातेलं मी घरी परत नेलं. 80 माणसांसाठी तेच करायचं असेल तर मी बापडा भाकरीकडे बघतो.

प्रेषक: बोल्डरचा विद्यार्थी

नाना, क्रॉकपॉट, म्हणजे मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं! माझ्याकडे मोठा आहे, रूममेटचाही आहे. रात्री लाल राजमा, पाणी, मीठ टाकून ‘लो’वर, म्हणजे सगळ्यांत मंद आचेवर, लावायचा आणि झोपायचं. सकाळी तयार. राजमा मी आणतो.

प्रेषक: डॉक्टर काकू (पार्कर)

अरे बाळा, थांब. राजमा आण, पण कोरडा राजमा क्रॉकपॉटमध्ये शिजवायचा नाही. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन जातीचं एक विषारी प्रथिन असतं, त्याचं नाव लांबलचक आहे, जाऊ दे. चार-पाच कच्चे दाणेही माणसाला एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबाने आडवं करायला पुरतात. खळखळून उकळलं की ते नष्ट होतं. क्रॉकपॉट ‘लो’वर 80 सेल्सियसच्या आसपासच घुटमळू शकतो, आणि तेवढ्या तापमानाला विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. दाणा मऊ लागतो, म्हणून माणूस फसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी हाच प्रयोग केला होता, डॉक्टर असून. आमच्या ह्यांनी त्यानंतर दोन वर्षं राजम्याला हात लावला नाही.

तेव्हा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा किंवा सरळ कुकरला लावायचा. मग तुझ्या क्रॉकपॉटमध्ये हॉलवर गरम ठेवायला हरकत नाही. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, त्याची भीती नाही.

प्रेषक: लेकवुडचे इंजिनियर

नाना, तुमच्या गणंगांचा दोष तुमचा नाही, 5280 फूट उंचीचा आहे. हवेचा दाब कमी, म्हणून डेन्व्हरला पाणी 95 सेल्सियसलाच उकळतं. वर डोंगरात लेडव्हिलला गेलात तर जेमतेम 90. तुम्ही गॅस कितीही मोठा करा, पाणी त्याच्यावर जात नाही, फक्त वाफ जास्त होते आणि बिल येतं. पुण्यात ज्याला तास लागतो त्याला इथे उघड्या पातेल्यात दोन लागले तर नवल नाही.

कुकरची गोष्ट वेगळी. शिट्टीच्या कुकरात इथेही 118 च्या आसपास जातं. इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या कुकरात, थोडं कमी. पाककृतीत लिहिलेल्या वेळेत आपल्या उंचीसाठी 15 टक्के भर घालायची, म्हणजे 30 मिनिटं म्हटलं असेल तर 35.

पण खरं सांगा, उसळीत टोमॅटो कधी घातला होतात?

प्रेषक: नाना (लिटलटन)

पहिल्यांदाच. फोडणीत. आमच्या हिने सांगितलं होतं तसं.

प्रेषक: लेकवुडचे इंजिनियर

मग झालं. आंबट काहीही आधी घातलं की दाण्याची साल घट्ट होते. टोमॅटो, आमसूल, चिंच, सगळं दाणा बोटाने चिरडला गेल्यावरच. मीठ मात्र भिजवायच्या पाण्यात बिनधास्त घाला. मिठाने दाणे कडक होतात हे आपण सगळ्यांनीच घरी ऐकलंय, पण भिजवताना घातलं तर साल उलट मऊ पडते. आणि बीन्स कपाटात किती वर्षं होत्या तेही बघा. जुना दाणा कुकरलाही दाद देत नाही.

प्रेषक: कोरेगावकर (हायलँड्स रँच)

मी सहसा या यादीवर लिहीत नाही. पण घेवड्याचा विषय निघाला आणि मी साताऱ्याकडचा, तर गप्प बसवेना.

आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, त्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. गुलाबीसर दाणा, अंगावर लाल पट्टे, म्हणून वाघ्या. राजमा, पिंटो, नेव्ही बीन आणि हा, सगळे एकाच जातीचे, आणि ही जात मुळात अमेरिका खंडातली. म्हणजे आपण ज्याला गावाकडचं म्हणून हळवे होतो तो इकडचाच पाहुणा आहे.

आणि आता ऐका. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात डव्ह क्रीक नावाचं छोटं गाव आहे, जे स्वतःला जगाची पिंटो बीनची राजधानी म्हणवतं. कोरडवाहू शेती, बरीचशी आपल्या माणदेशासारखी. तिथला अनासाझी बीन मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पाकीट हातात धरून दुकानातच उभा राहिलो. तांबडे-पांढरे डाग. वाघ्या नव्हे, पण चुलतभाऊ नक्की. माझ्याकडे या हंगामातल्या दहा पौंड आहेत. सगळ्या देतो. पैसे नकोत.

प्रेषक: चिटणीस, खाद्यसमिती

कोरेगावकर, पैसे नकोत हे तुम्ही खजिनदारांना सांगा, त्यांना आनंद होईल!

हिशोब: एक पौंड कोरड्या बीन्सचे शिजून साधारण सहा कप होतात. आठ पौंड घेतल्या तर माणशी अर्ध्या कपापेक्षा थोडं जास्त. पाणी-भाज्या धरून चोवीस लिटर सूप, म्हणजे 16 क्वार्टची (साधारण पंधरा लिटरची) दोन पातेली. कोणाच्याही घरच्या कुकरात आठ पौंड मावणार नाहीत, आणि बीन्सना कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नसतो. म्हणून आठ घरं, प्रत्येकी एक पौंड. दाणे एकाच पोत्यातले, म्हणजे शिजण्यात फार फरक पडायला नको. शुक्रवारी रात्री शिजवा, शनिवारी हॉलवर एकत्र करू, फोडणी तिथेच.

प्रेषक: डॉक्टर काकू (पार्कर)

शुक्रवारी शिजवणाऱ्यांना एक विनंती. कृपा करून पातेलं गॅरेजमध्ये ठेवू नका. मला माहीत आहे सगळे ठेवतात. डेन्व्हरचा जानेवारी आज गोठवतो आणि उद्या दुपारी लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. गॅरेज म्हणजे फ्रिज नव्हे. खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि जंतूंना तेच हवं असतं. पसरट ट्रेमध्ये दोन-तीन इंच थर ओता, दोन तासांत 70 फॅरनहाइटच्या खाली आणा, मग फ्रिजमध्ये. हॉलवर 165 फॅरनहाइटपर्यंत गरम करायचं. थर्मामीटर मी आणते.

शेंगदाण्याचं कूट सुपात घालू नका, कोणाला ॲलर्जी असू शकते. वेगळ्या वाटीत, वर चिठ्ठी लावून. तीळ कशाकशात आहेत तेही लिहा.

प्रेषक: चिपळूणच्या माई (सूनबाई लिहितेय)

माई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या सांगतात, मी टंकते.

“इतका वेळ सगळे कुकरबद्दल बोलतायत, चवीबद्दल कोणी अवाक्षर काढेना. ऐका. शिजलेल्या दाण्यांतला चौथा हिस्सा रवीने घोटून परत घालायचा, म्हणजे कणीक-मैदा काही लावायला नको, आपोआप दाटपणा येतो. दाणे शिजलेलं पाणी फेकू नका, सगळा गोडवा त्यात आहे. भिजवलेलं फेकायचं, शिजवलेलं ठेवायचं, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजून वाटायचं. भोगी-संक्रांतीचे दिवस आहेत तेव्हा गाजर आणि हिरवा हरभरा हवाच, हरभरा मिळाला नाही तर मटार. न खाई भोगी तो सदा रोगी. तीळ भाजून भरड कुटून. फोडणीला तेलात लसूण लाल होऊ द्या, मग हिंग, कढीलिंब, तिखट. गूळ लिंबाएवढा. आमसुलं अगदी शेवटी, आणि दहा मिनिटांनी काढून घ्यायची. एक पातेलं कांदा-लसणाशिवाय ठेवा, त्यात आलं-जिरं चालेल.”

माई हेही म्हणाल्या, की कॉर्नब्रेड म्हणजे गोड ढोकळाच, त्यांना आवडला.

प्रेषक: नाना (लिटलटन)

एक पौंड माझ्याकडे द्या. टोमॅटो लपवून ठेवायला सांगितलंय.

प्रेषक: चिटणीस, खाद्यसमिती (रविवार)

मंडळी, 80 म्हणता म्हणता 93 आले. माईंनी दोन्ही पातेल्यांत एकेक तांब्या उकळतं पाणी आणि मूठभर तीळकूट घातलं, आणि सगळ्यांना पुरलं. भाकरी मात्र 12 कमी पडल्या. पुढच्या वेळी भाकरीसाठी वेगळी समिती.

नानांचा पौंड सगळ्यांत मऊ शिजला होता. हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं, म्हणून इथे नोंदवते.

हॉलच्या ओट्यावर दोन कुकरची झाकणं उरली आहेत, एकाची शिट्टी नाही. आणि एक मोठं ओगराळं, दांड्याला लाल दोरा. ज्यांचं असेल त्यांनी ऑरोराला येऊन न्यावं, नाहीतर पाडव्याला घेऊन येते. कोरेगावकर, तुमच्या दोन पौंड बीन्स माझ्याकडे शिल्लक आहेत. माई म्हणतात परत देऊ नका, त्या मार्चमध्ये चिपळूणला परसात लावून बघणार होत्या. पण बियाणं विमानातून न्यायला कागदपत्रं लागतात असं इंजिनियर सांगतात, तेव्हा माईंनी त्या आमच्या घरी आजच भिजत घातल्या आहेत.