प्रति: सोडलेला जिवाणू आवरणार कसा?
‘जनुक बदललेला जिवाणू मातीत सोडला की त्याची जनुकं इतरांत पसरणार’ ही वरची भीती रास्तच, पण एका ठिकाणी बदल केला तोच मुळी पसरणं थांबवायला. गुलाबाच्या, पीचच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूवर के-८४ हा त्याचाच निरुपद्रवी भाऊबंद वापरतात. तो रोगजंतूला मारणारं जे प्रतिजैविक बनवतो ते बनवायची आणि त्यापासून स्वतः वाचायची जनुकं एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या वेटोळ्यावर. तेच रोगजंतूकडे गेलं तर त्याच्यावर प्रतिजैविक चालणारच नाही, संपलंच की! म्हणून ऑस्ट्रेलियात प्लाझ्मिड पुढे पाठवणारा तुकडा कापून के-१०२६ केला.

कोथरूडला आमच्या गच्चीत गुलाबाच्या कलमाला मातीलगत लिंबाएवढी खडबडीत गाठ आली होती. तेव्हा या जिवाणूचा उपयोग शून्य, कारण मुळं लावणीआधीच त्याच्या द्रावणात बुडवावी लागतात. झाड मातीसकट टाकलं.